अनारशांचं पान

एका जागी बसून जेवणं मला आजतागायत जमलेलं नाही. पानावर बसले की पाचव्या मिनिटाला मी उठते. कधी मीठ आणायला, कधी पंखा कमी करायला, कधी उगाचच. माझी सून आता काही विचारत नाही. ती माझ्या ताटावर झाकण ठेवते आणि आपलं जेवण चालू ठेवते. गेल्या वर्षी गुडघा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हा पाय असा सारखा हलतो, हे कधीपासून?" मी म्हटलं, "जयपूरपासून." त्यांना वाटलं मी परवाच्या एखाद्या प्रवासाबद्दल बोलतेय. त्यांनी मला आठवडाभर विश्रांती लिहून दिली.

जयपूरला आम्ही तिलक नगरात राहायचो. खाली घरमालकीण शर्मा आंटी आणि वरच्या मजल्यावर आम्ही. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते आणि दर चार-पाच वर्षांनी त्यांची बदली व्हायची, त्यामुळे आमच्याकडे सामान कमी आणि खोकी जास्त. काही खोकी तर दोन-दोन गावं न उघडताच फिरून आली होती. सकाळ व्हायची ती मोरांच्या ओरडण्याने. ज्यांनी मोर फक्त चित्रात पाहिलाय त्यांना सांगते, तो आवाज ऐकून माणूस दचकून उठतो. मग पाण्याच्या टाकीवर माकडं धपाधप उतरायची, खालून शर्मा आंटी काठी आपटत "हट! हट!" करायच्या, मोती डुंगरीच्या देवळाकडून घंटा ऐकू यायची आणि या सगळ्या गोंधळात बाबा हातात चहाचा कप घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालायचे. बसून चहा पिताना मी त्यांना फार क्वचित पाहिलं. तेव्हा माझं हे उठणं-बसणं कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

घरात एकच वस्तू अशी होती की जी प्रत्येक गावात पहिल्या दिवशी उघडली जायची, ती म्हणजे जेवणाचं टेबल. बदलून गेलेल्या एका साहेबांकडून बाबांनी ते घेतलं होतं, सोबत चार खुर्च्या. त्यातली एक भोपाळहून येताना ट्रकमध्ये मोडली. उरल्या तीन: बाबांची, माझी, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ असलेली आईची. आई तिथे बसायची कारण बसल्या बसल्या मान वळवली की तिला गॅसवरचं दूध दिसायचं. मी आठवीत असताना आई गेली. तिचं आजारपण आणि दवाखाना याबद्दल मी इथे लिहिणार नाही. दोनदा लिहून पाहिलं आणि दोन्हीदा फाडलं. तिची खुर्ची मात्र तिथेच राहिली, आणि तिच्यावर कोणी वर्तमानपत्रसुद्धा ठेवायचं नाही असा न बोललेला नियम झाला.

आईचं एक पुस्तक होतं. मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेलं, त्यामुळे त्याचं खरं नाव आणि कोणी लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही. घरात त्याला 'सणांचं पुस्तक' म्हणत. संक्रांतीपासून सुरुवात आणि दिवाळीने शेवट, प्रत्येक सणाचे पदार्थ, मापं, नैवेद्याच्या ताटात काय कुठे वाढायचं याची आकृती. पहिल्याच पानावर एक रंगीत चित्र होतं: लांबलचक टेबल, त्याभोवती कोट घातलेले वडील, आजोबा, नटलेली मुलं, सगळे हसतायत आणि नऊवारीतली आई मोठं ताट घेऊन येतेय. लहानपणी मी ते चित्र तासन्‌तास बघायचे. आपल्या घरी इतकी माणसं का नाहीत, आपलं टेबल इतकं छोटं का, असले प्रश्न मला तेव्हा पडत. त्या चित्रात माणसं आठ आणि खुर्च्या सात आहेत, हे माझ्या लक्षात यायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

आई गेल्यानंतर दीड वर्षाने बाबांनी दुसरं लग्न केलं. तिचं नाव सुमन. मिरजेच्या एका शाळेत शिवण शिकवायची, वय चौतीस, आवाज हळू, चालताना पावलं वाजत नसत. तिला काय म्हणायचं यावर बाबांनी बराच विचार केला असावा, कारण स्टेशनवरून येताना ऑटोत त्यांनी एकदम सांगून टाकलं, "मावशी म्हण." मी मावशी म्हटलं. पण 'अहो' आणि 'तुम्ही'च्या पलीकडे गेले नाही. तिने पहिल्या संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडली आणि आपण ओट्याशी उभी राहून जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाबा "अगं, तू पण..." एवढंच म्हणाले, आणि ती म्हणाली, "मला उभ्यानेच बरं वाटतं." बाबांनी आमटी ओरपली आणि विषय संपला. बाबांवर माझं प्रेम होतं, पण त्यांची ही गप्प राहून निभावून नेण्याची सवय मला तेव्हाही आवडली नव्हती आणि आता तर मुळीच आवडत नाही. एक खुर्ची विकत आणणं एवढंच काम होतं.

पुस्तक आईच्या इतर वस्तूंबरोबर माझ्या कपाटात होतं. मावशीच्या पहिल्या होळीला तिने ते मागितलं, पण मी देताच हात मागे घेतला. "नको. पुस्तक तुझं आहे. मला पीठ भिजवायचंय, हात खराब होतील. तू वाच, मी करते." मग मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पाय हलवत पुरणपोळीचं पान वाचू लागले आणि ती ऐकून ऐकून करू लागली. माझं सगळं शिक्षण हिंदी आणि इंग्रजीतलं. मराठी मी अडखळत वाचायचे. ती न कंटाळता थांबायची. तेव्हापासून प्रत्येक सणाला मी वाचायचं आणि तिने करायचं असं ठरूनच गेलं, आणि तिने त्या पुस्तकाला कधी बोट लावलं नाही.

समासात आईच्या हातचं लिहिलेलं होतं, हिरव्या शाईने. मला वाटायचं, तिथे काहीतरी माझ्याबद्दल असेल. शोध शोध शोधलं. आईने लिहिलं होतं ते असं: 'साखर पाव वाटी कमी, यांना चालत नाही.' 'कढई लहान घेऊ नये.' 'डाळ रात्रीच भिजत घालणे.' अख्ख्या पुस्तकात माझं नाव एकदाही नव्हतं. मला फार राग आला, आणि मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून तो राग मी दुसरीकडे काढला. त्या होळीच्या दिवशी पुरणपोळीनंतर साखरभाताचं पान वाचताना, बेदाण्यांशी आले तेव्हा मी मान खाली घालून वाचलं, "इथे आईने लिहिलंय, निलूला बेदाणे आवडत नाहीत, घालू नयेत." मावशीने बेदाण्यांची वाटी उचलली आणि परत डब्यात ओतली.

एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी सुटलेच. श्रीखंडात जायफळ नको, आईने लिहिलंय. मोदक निलूला शाळेतून आल्याबरोबर द्यावेत, आईने लिहिलंय. करंजीचं सारण निलूला आधी चाखायला द्यावं. आई असं काही लिहिणारी बाई नव्हती, पण मी तिला बोलायला लावत होते, आणि मावशी प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. लबाडी होती ती, नक्कीच. पण त्यात सुखही होतं, कारण त्या पाच-दहा मिनिटांत स्वयंपाकघरात आई माझ्याबद्दल बोलत असायची, आणि ऐकायला कोणीतरी होतं.

जयपुरात आमच्यासारखी बदलीवरची मराठी घरं होती. त्यातल्या चार घरांचं एक ठरलेलं होतं: दिवाळीच्या पाडव्याला सकाळी फराळ एका घरी, दर वर्षी वेगळ्या. आणि त्यात एक रीत होती, ती कोणी सुरू केली ठाऊक नाही. सगळ्यांचं खाऊन झालं की यजमानीण बाईने तिच्याच टेबलाशी बसायचं आणि बाकीच्या तिघींनी तिला वाढायचं. तिने उठायचं नाही, पाणीसुद्धा स्वतः घ्यायचं नाही. सणाचं राबून झाल्यावर बाईला एकदा तरी कोणीतरी आयतं वाढावं, एवढाच त्यातला अर्थ. आमच्या घरी पाळी होती त्या वर्षी आई अशी बसली होती, लाजून लाल झालेली, आणि तिच्या ताटात तिचेच अनारसे. आईचे अनारसे त्या चार घरांत नावाजलेले होते. फौजेतल्या राजेकाकांच्या पत्नी, आमच्या राजेकाकू, ज्यांचा आवाज खालच्या फाटकापर्यंत जायचा, त्या म्हणाल्या होत्या, "अनारशाला अशी जाळी पडते, ही ती विकत आणते का गं?"

फिरून ती पाळी आमच्या घरी आली तेव्हा मी दहावीत होते. नवरात्र संपलं त्या सुमारास बाबा आणि मावशी बोलत असलेले मी जिन्यातून ऐकले. बाबा म्हणत होते, "पाडव्याला तुला बसावं लागेल हां. तशी रीत आहे." मावशी म्हणाली, "त्यांच्या खुर्चीवर?" बाबांच्या येरझाऱ्यांचा तेवढा आवाज आला. मग मावशीच हळू हसून म्हणाली, "अनारसे जमले तर बसेन. ताईंचे अनारसे आठवून सगळ्या येणार. ते जमले तर वाटेल मला, की बसायला हरकत नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. खाली शर्मा आंटी कोणाला तरी दिवाळीची सफेदी कशी नीट झाली नाही ते सांगत होत्या. माझ्या डोक्यात एकच: ही बसणार. ज्या खुर्चीवर दोन वर्षं मीसुद्धा बसले नाही, तिच्यावर ही बसणार आणि सगळ्या तिला वाढणार. अनारसे जमले नाहीत, तर नाही बसणार. इतकं सरळ गणित मला दहावीच्या पुस्तकात एकही आलं नाही.

अनारशांचं काम लांबणीचं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून कापडावर पसरायचे, पण पूर्ण वाळू द्यायचे नाहीत. हाताला दमट लागले पाहिजेत. गच्चीत माकडं, म्हणून मावशीने बैठकीत बाबांचं जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर तांदूळ पसरले. जयपूरची हवा कोरडी ठक्क, दर दहा मिनिटांनी ती मूठ भरून बघायची. मग मिक्सरवर दळून, बारीक चाळणीने चाळून पीठ परातीत आलं आणि ती म्हणाली, "हं, वाच."

पुस्तकात छापलं होतं: पिठाच्या वजनाइतकाच गूळ. आणि त्या पानावरच्या समासात आईचं हिरवं अक्षर होतं, नेहमीपेक्षा बरंच जास्त. ते मी पूर्वी कितीदा वाचलं होतं आणि दर वेळी घाईने पान उलटलं होतं, कारण ते मला आईसारखं वाटायचं नाही. त्या दिवशीही मी ते वाचलं नाही. त्याऐवजी म्हणाले, "मतलब... छापलंय पिठाइतका गूळ. पण आईने लिहिलंय, आमच्याकडे दीडपट."

"दीडपट?" मावशीने विचारलं. तिला अनारसे येत नव्हते, पण ती काही अगदीच अडाणी नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. माझा पाय इतका हलत होता की स्टूल वाजत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि तिने तराजू पुढे ओढला.

मळलेलं पीठ डब्यात भरून फडताळात गेलं. ते चार-पाच दिवस मुरू द्यावं लागतं. ते दिवस मला जन्मात विसरता येणार नाहीत. मी अभ्यासाला बसले की उठायचे, गच्चीत जायचे, खाली यायचे, शर्मा आंटींच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचे. "क्या हुआ बेटा, पैर में पहिए लगे हैं क्या?" त्या विचारायच्या. रोज सकाळी मावशी तो डबा काढायची, झाकण उघडून वास घ्यायची, आणि तिचा चेहरा इतका आनंदी व्हायचा की मी खोलीबाहेर पळायचे. दोनदा मी सांगायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. एकदा तिने विचारलं, "काही हवंय का?" आणि मी म्हटलं, "पाणी."

पाडव्याच्या आदल्या दुपारी तिने कढई चढवली. पोळपाटावर खसखस पसरून त्यावर गोळी थापली, खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा अलगद तुपात सोडला. तो एक क्षण तसाच तरंगला. मग कडेने सुटू लागला, आणि बघता बघता सगळा विरघळून कढईभर पसरला. अनारसा असा तुपात विरला की तो हसला म्हणतात. मावशीने आच कमी केली. दुसरा हसला. तिने गोळी जाड थापली, तिसरा हसला. कढईत तांबूस चुऱ्याचा थर जमला आणि ती झाऱ्याने तो काढत राहिली, काढत राहिली. "निलू, अजून काही लिहिलंय का गं ताईंनी? बघ ना नीट. हसले तर काय करायचं, काही लिहिलंय?"

लिहिलं होतं. अगदी तेच लिहिलं होतं. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं आणि हिरवं अक्षर माझ्या अंगठ्याखाली होतं. मी म्हणाले, "नाही. काही नाही."

हे वाक्य मी गेली जवळजवळ पन्नास वर्षं सोबत घेऊन फिरतेय. मुलांना वाढवताना, त्यांनी खोटं बोलल्यावर त्यांच्यावर ओरडताना, दर वेळी ते मला ऐकू आलंय.

तुपाचा वास खाली गेला आणि शर्मा आंटी वर आल्या. मावशी ओट्याला टेकून उभी होती, डोळे लाल. आंटींनी परातीतला चुरा चिमटीत धरून तोंडात टाकला. "अरे, स्वाद तो बढ़िया है! इसमें रोने की क्या बात है, बहू? थोड़ा घी डालो, इलायची डालो, चूरमे के लड्डू बाँध लो।" मावशी आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "आंटीजी, ये अनारसा था।" "था ना? अब चूरमा है," आंटी म्हणाल्या आणि बाही सावरून स्वतःच लाडू वळायला बसल्या. मी दारात उभी होते. मला कोणी बोलावलं नाही.

पाडव्याला सकाळी माणसांनी घर भरलं. आंटींकडून खुर्च्या आल्या, टेबल मध्यभागी ओढलं, आईची खुर्चीसुद्धा जागेवरून हलली. चिवडा, चकली, शंकरपाळे, सगळं छान झालं होतं, कारण त्यात मी हात घातला नव्हता. राजेकाकूंनी ताटात नजर फिरवली. "अगं सुमन, अनारसे कुठेत? मी तर सकाळपासून पोटात जागा ठेवलीये!"

मी मावशीच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ती म्हणेल, पुस्तकात दीडपट गूळ होता. मग कोणीतरी म्हणेल, कसं शक्य आहे, बघू पुस्तक. मावशी म्हणाली, "हसले हो सगळे. पुस्तकात बरोबर होतं. गूळ माझ्याच हातून जास्त पडला."

ती तोळा-तोळा करून मोजत होती, मी पाहिलं होतं.

"असू दे, असू दे," राजेकाकू म्हणाल्या. मनाच्या चांगल्या होत्या त्या, पण जिभेला आवर नव्हता. "वहिनींच्या हाताची गोष्टच वेगळी होती. बरं, चल, बस आता. आम्ही वाढतो तुला." आणि त्यांनी आईची खुर्ची ओढली.

मावशीने खुर्चीकडे पाहिलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "यंदा राहू द्या. मी आत घेते थोडं." आणि ती स्वयंपाकघरात गेली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बाबांनी कपात बघितलं, जणू चहात काही पडलंय. मला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं झालं होतं, आणि मी उठून गच्चीत गेले आणि माणसं जाईपर्यंत खाली आले नाही.

मी आले तेव्हा दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मावशी ओट्याशी उभी राहून गार झालेला चिवडा खात होती. मी माझ्या खोलीत गेले, बाहेर आले, परत आत गेले. शेवटी पुस्तक काढलं आणि आणून टेबलावर ठेवलं.

"मला वाचायचंय," मी म्हणाले.

"आता गं कशाला?" आतून मावशी म्हणाली. "झाला की सण."

"मी खोटं वाचलं होतं. दीडपट गूळ असं आईने लिहिलेलं नाही. बेदाण्यांचं पण नाही, जायफळाचं पण नाही, मोदकांचं पण नाही. आईने माझ्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मीच सगळं..."

बाबा ताडकन उठले. "निलू! लाज नाही वाटत?"

"थांबा हो," मावशी म्हणाली. ती दारात आली होती, हातात ताटली. तिने टेबलावरच्या पुस्तकाकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "रोज डबा उघडून बघत होते मी. तू बघत होतीस ना मला?"

"हो."

"तरी बोलली नाहीस."

"नाही."

तिचा आवाज चढला नाही, पण ताटली तिने दाराशेजारच्या फडताळावर जरा जोरात ठेवली. तिला राग आला होता, आणि तो पाहून, खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत ती माझ्यावर पहिल्यांदा रागावली होती. "मग खरं काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"बसा, मग वाचते."

"ऐकू येतं मला इथून."

"अक्षर बारीक आहे," मी म्हणाले. "मला लागत नाही. तुम्ही येऊन बघा." आईचं अक्षर चांगलं टपोरं होतं. त्या पुस्तकाबाबत मी बोललेलं हे शेवटचं खोटं.

ती जागची हलली नाही. तेव्हा बाबांनी, एवढ्या दिवसांत एकदाच, जे करायचं ते केलं. ते टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी आईची खुर्ची ओढून धरली. मावशी आली, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता येईल अशी. मी पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं आणि बोट ठेवून, अडखळत, एकही शब्द न गाळता वाचलं:

"'पहिल्या वर्षी सगळे हसले. मी रडले. हसले तर घाबरू नये. थोडं कोरडं पीठ आधीच बाजूला काढून ठेवावं, त्यातलं मूठभर मळून घ्यावं, म्हणजे सावरतात. पीठ बाजूला ठेवायला विसरू नये.'"

"भोपाळला," बाबा म्हणाले. "आठ दिवस मी चमच्याने अनारसे खात होतो."

मावशीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी. "ताईंचे पण?" तिने विचारलं. "सगळे?" तिने ते अक्षर स्वतः वाचायला मान खाली घातली. वाचताना तिचे ओठ हलत होते. 'घाबरू नये'पाशी ती थांबली आणि तिने पुन्हा वरून सुरुवात केली. ही आई मी इतके दिवस पान उलटून लपवत होते. रडलेली, चुकलेली, आणि पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवणारी. मला ती नको होती. मावशीला तिची फार गरज होती.

मग मावशी म्हणाली, "निलू, इथे खाली जागा आहे थोडी. मी लिहू का?" मी कंपासपेटीतून पेन्सिल आणून दिली. तिने पहिल्यांदाच त्या पुस्तकाला हात लावला, डाव्या हाताने पान सपाट केलं आणि आईच्या हिरव्या ओळींखाली लिहिलं, 'माझेही सगळे हसले. शर्मा आंटींनी चुरमा केला.' लिहून झाल्यावर ती नीट मागे टेकून बसली. मी उठले. ओट्यावर लाडवांचा डबा होता. त्यातले दोन ताटलीत घेतले, पाण्याचा तांब्या घेतला. यजमानीण बसली होती, आणि तिला वाढायचं राहिलं होतं.